हजारातील नऊ

(जळगाव जामोद येथे स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शेतीचे अर्थकारण किंवा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळेल अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आणि म्हणूनच, विषयाची निवड चालकांनी माझ्यावर सोपविल्यानंतर मी जो विषय कळविला तो वाचून त्यांच्या कपाळावर क्षणभर आठी उमटली असेल तर त्यात मला नवल वाटत नाही. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळे ज्याला पक्षाघात झाला आहे अशा रुग्णाला, रक्तातील बिंबाणूंना आवर घालणारे एखादे नवे औषध द्यावयाचे असेल, तर ते खरोखर उपयोगी आहे हे ठरवावयाचे कोणी, कोणावर आणि कोणत्या रीतीने, हा तो विषय. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही माला चालते त्या डॉक्टरांनी या पंचक्रोशीत वैद्यकी केली त्या काळात अशा रुग्णाला द्यावयास जवळजवळ काहीच नव्हते. आज पुष्कळ आहे, आणि पुष्कळ आहे म्हणूनच निवडीचा प्रश्न उभा राहिला आहे.

आपल्याकडे या व्याधीला लकवा मारला म्हणतात, अंगावरून वारे गेले म्हणतात, जुनी माणसे अर्धांगवायू म्हणतात. एका बाजूचे हातपाय लुळे पडतात, तोंड वाकडे होते, वाचा अडखळते किंवा पार जाते, आणि हे सारे काही मिनिटांत घडते. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या आघाताच्या मुळाशी मात्र दोन परस्परविरोधी घटना असू शकतात: कधी मेंदूची वाहिनी गुठळीने बुजते, तर कधी ती फुटून रक्त मेंदूत पसरते. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत एका वॉर्डातील सुमारे दीड लाख वस्तीत या रोगाची नोंद ठेवली, तेव्हा प्रथमच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण आढळले; त्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना गुठळीमुळे आणि १८ टक्क्यांच्या आसपास रुग्णांना रक्तस्रावामुळे आघात झालेला होता, आणि २८ दिवसांच्या आत दर दहांतील जवळजवळ तिघे दगावले. विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले, त्याचा निष्कर्ष तर अनेकांना अनपेक्षित होता. मलेरिया नव्हे, क्षय नव्हे, सर्पदंशही नव्हे. १५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताचे होते, आणि त्यांतील ८७ टक्के माणसे घरातच वारली. ज्या औषधांविषयी मी आज बोलणार आहे त्यांतील एकही औषध या ८७ टक्क्यांपर्यंत, निदान त्यांच्या अखेरच्या आजारात, पोचले असेल असे मला वाटत नाही. हा आकडा श्रोत्यांनी मनात बाजूला काढून ठेवावा. त्याच्याकडे पुढे परत यावे लागेल.

आता बिंबाणूंविषयी थोडे. डेंग्यूच्या साथींमुळे त्यांचे ‘प्लेटलेट’ हे नाव आता घरोघर ठाऊक झाले आहे. रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका घनमिलिमीटरात, त्या दीड ते साडेचार लाख असतात. इटलीतील तुरीन येथे ज्युलिओ बिझोझेरो याने १८८२ मध्ये त्यांचे कार्य ओळखले. वाहिनीच्या अस्तराला इजा झाली की ही कणिका तेथे चिकटते, आपल्या सोबतिणींना बोलावते आणि बघता बघता रक्त थांबते. शेतात पाय कापला असता आपण वाचतो ते यांच्या कृपेने. परंतु हीच तत्परता मेंदूतील एखाद्या जीर्ण, चरबी साठलेल्या वाहिनीत त्यांनी दाखविली की लकवा मारतो. ॲस्पिरिन हे औषध १८९७ पासून जर्मनीत तयार होऊ लागले ते ताप आणि सांधेदुखीसाठी. ते बिंबाणूंतील एका विकराला कायमचे निकामी करते, आणि बिंबाणूला केंद्रक नसल्यामुळे तो विकर तिला पुन्हा घडविता येत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांचे तिचे उरलेले आयुष्य तसेच जाते. हे रहस्य उलगडण्याची वाट जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये मोकळी केली आणि त्या कार्यास १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु त्याच्याही आधी ॲस्पिरिन गुठळीला आवर घालते ही गोष्ट एका साध्या, खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरच्या ध्यानात आली होती, आणि ती कथा आजच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी असल्यामुळे मी तिच्यापाशी थोडा रेंगाळणार आहे. कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल या गावी लॉरेन्स क्रेव्हन नावाचे डॉक्टर टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना वेदनाशमनार्थ ॲस्पिरिन मिसळलेला चघळण्याचा डिंक देत. तो जे फार चघळत त्यांना रक्तस्राव अधिक होतो असे त्यांना दिसून आले. ज्या पदार्थाने रक्त थांबत नाही तो पदार्थ गुठळीलाही प्रतिबंध करील, असा तर्क त्यांनी बांधला. १९५० मध्ये चारशे पुरुषांविषयी आणि १९५६ मध्ये सुमारे आठ हजारांविषयी लिहून त्यांनी सांगितले की ॲस्पिरिन घेणाऱ्या आपल्या रुग्णांत हृदयाचा वा मेंदूचा तसा आघात झालाच नाही. १९५७ मध्ये क्रेव्हन वारले. त्यांचे लेख लहानशा नियतकालिकांत पडून राहिले आणि वैद्यकविश्वाने पुढे कित्येक वर्षे त्यांची दखल घेतली नाही. आज आपण म्हणतो, अरेरे, केवढी ही उपेक्षा! परंतु मी जर त्या वेळी एखाद्या वैद्यकीय नियतकालिकाचा संपादक असतो तर मीही तो लेख बाजूला ठेवला असता, आणि ते योग्यच झाले असते असे आजही म्हणेन. कारण क्रेव्हन यांचा तर्क बरोबर होता, पुरावा मात्र काडीचाही नव्हता. ज्यांनी ॲस्पिरिन घेतले नाही अशा तशाच आठ हजारांचे काय झाले, हे त्यांनी मोजलेच नव्हते. जे रुग्ण पुन्हा दवाखान्यात आले नाहीत ते बरे असल्यामुळे आले नाहीत की दगावल्यामुळे, याचा तपशील त्यांच्या दप्तरी नव्हता. त्याच पद्धतीने, तितक्याच निष्ठेने आणि तितक्याच आत्मविश्वासाने, दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी औषधाचे गोडवे गायिले असते तर ते लेख क्रेव्हन यांच्या लेखांहून तसूभरही वेगळे दिसले नसते.

पक्षाघाताच्या बाबतीत तर ही फसगत विशेष सुलभ आहे, कारण या रोगात पुष्कळ रुग्ण आपले आपणच काही अंशी सुधारतात. पहिल्या दिवशी मुळीच न हलणारा हात तिसऱ्या आठवड्यात पेला उचलतो. त्या तीन आठवड्यांत जो उपचार झाला असेल त्याच्या खाती ही सुधारणा जमा होते; मग तो कबुतराचे रक्त अंगाला चोळण्याचा असो, जडीबुटीचा असो, किंवा शहरातील दवाखान्यात महागड्या बाटल्या लावण्याचा असो. कबुतराच्या रक्ताला हसणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी या तिसऱ्या प्रकाराबद्दलही थोडे खाली मान घालून बोलावे. मेंदूच्या पेशींना बळ देणारी म्हणून गेल्या कित्येक दशकांत जी जी द्रव्ये लकव्याच्या रुग्णांच्या शिरांतून सोडली गेली, त्यांतील बहुतेकांच्या पाठीशी विश्वासार्ह पुरावा नाही, आणि त्यांच्या बिलापायी कोणाची दोन एकर कोरडवाहू गहाण पडली असेल तर त्याची फिर्याद कोणत्याही कचेरीत दाखल होत नाही. न तपासलेले औषध खात्रीपूर्वक देणे हादेखील एक प्रयोगच असतो. फरक इतकाच की त्याची नोंद कोणी ठेवीत नाही आणि रुग्णाला तो प्रयोग असल्याची वार्ता नसते. माझे आजचे सारे म्हणणे या एका वाक्यात आले आहे. पुढील विवेचन त्याचा विस्तार समजावा.

ॲस्पिरिनचा निकाल लागला तो १९९७ मध्ये. एक चाचणी एडिंबरो येथील पीटर सँडरकॉक आणि चार्ल्स वॉर्लो प्रभृतींनी ३६ देशांतील ४६७ रुग्णालयांत चालविली आणि तीत १९,४३५ रुग्ण होते. दुसरी चीनमधील ४१३ रुग्णालयांत झाली आणि तीत २१,१०६. आघातानंतर ४८ तासांच्या आत आलेल्या रुग्णांपैकी कोणाला ॲस्पिरिन मिळावे हे डॉक्टरच्या मर्जीवर किंवा रुग्णाच्या ऐपतीवर न ठेवता निव्वळ चिठ्ठीवर सोपविले होते. दोन्हींचा एकत्र हिशेब केला तेव्हा असे आढळले की पहिल्या काही आठवड्यांत ॲस्पिरिनविना हजारांतील ९१ रुग्णांना पुन्हा आघात झाला वा मृत्यू आला, आणि ॲस्पिरिनसह ८२ रुग्णांना. हजारी नऊ! त्याच हिशेबात दुसरीही बाजू होती: गुठळीचे नवे आघात हजारी सातांनी कमी झाले, परंतु मेंदूत रक्तस्राव होणारे हजारी दोन वाढले, आणि ही वजाबाकी करून व पुनराघाताविना होणाऱ्या मृत्यूंतील घट जमेस धरूनच नऊचा नफा उरतो.

हजारी नऊ म्हणजे फार थोडे, असे कोणी म्हणेल. या संख्येकडे दोन अंगांनी पाहावे असे मी सुचवितो. एखाद्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरने उभ्या आयुष्यात पक्षाघाताचे हजार रुग्ण पाहिले असे धरले, तर त्यांतील नऊ जण ॲस्पिरिनमुळे वाचले हे त्याला कधीही, कोणत्याही अनुभवाने, कितीही तीक्ष्ण बुद्धीने कळणे शक्य नाही. ते नऊ जण त्या हजारांत विरघळून गेलेले असतात. त्यांना वेगळे काढावयास चाळीस हजार माणसे लागली. आणि दुसरे अंग असे, की भारतासारख्या देशात दरवर्षी लक्षावधी माणसांना हा आघात होतो. तेथे हजारी नऊ या दराने वाचणाऱ्यांची संख्या मांडली तर हजारोंच्या घरात जाते, आणि तीही अशा गोळीमुळे की जी औषधांच्या दुकानात सर्वांत स्वस्त म्हणून ओळखली जाते. ‘अनुभवाचे बोल’ या शब्दप्रयोगाला आपल्या भाषेत मोठा मान आहे आणि तो योग्यच आहे. मात्र काही सत्ये एका माणसाच्या अनुभवाच्या आकाराहून मोठी असतात.

चिठ्ठी टाकण्याची ही रीत आणि तिच्याभोवतीचे बंदोबस्ताचे कडे समजून घेण्यासाठी मी या तालुक्यातीलच एक उदाहरण घेतो. भेंडवळचे नाव महाराष्ट्रभर झाले आहे ते अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीमुळे. सायंकाळी शेतात घट मांडून भोवती धान्ये ठेवावीत, रात्रभर तेथे कोणी फिरकू नये, आणि पहाटे मांडणीत झालेल्या फेरफारावरून पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सर्वांसमक्ष सांगावे, अशी ती शतकानुशतकांची परंपरा. भाकितांच्या खरेखोटेपणावर येथे, श्रोत्यांत भेंडवळची मंडळी बसलेली असताना, मत देण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्या प्रथेतील दोन गोष्टी मला चाचणीशास्त्राच्या दृष्टीने फार आवडतात. रात्री मांडणीजवळ कोणी जावयाचे नाही, आणि भाकीत आधीच, चारचौघांत, बोलून टाकावयाचे. औषधांच्या जगात या दोन गोष्टी रूढ व्हावयास फार काळ गेला. कोणत्या रुग्णाला खरे औषध आणि कोणाला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी मिळाली हे रुग्णालाही ठाऊक नसावे आणि मोजणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसावे, हा पहिला बंदोबस्त. आणि चाचणीत काय मोजणार, किती रुग्ण घेणार, कोणत्या फरकाला यश म्हणणार हे पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सार्वजनिक दप्तरात रुजू करावे, हा दुसरा. आपल्या देशात असे दप्तर, म्हणजे भारतीय चाचणी-नोंदणी, जुलै २००७ मध्ये सुरू झाले आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी कोणी चाचणी करावी, निकाल गैरसोयीचा निघाला की कपाटात ठेवावा, आणि दहांतील ज्या दोन अनुकूल निघाल्या तेवढ्याच छापाव्यात, यास आडकाठी नव्हती. घटमांडणीत उणीव ती एवढीच, की वर्षाअखेर त्याच गर्दीसमोर मागील भाकिताचा हिशेब मांडण्याची रीत नाही. तिथे चाचणीशास्त्राचा वरचष्मा मान्य करावा लागेल.

आगाऊ बोलून टाकण्याचा हा आग्रह कशासाठी, याची एक गमतीची आणि बोधप्रद हकीकत आहे. कॅनडात १९७८ मध्ये ५८५ रुग्णांवरील एका चाचणीत ॲस्पिरिनने पक्षाघात व मृत्यू यांत घट दिसली. परंतु पुरुष व स्त्रिया असे वेगळे करून पाहता लाभ पुरुषांतच दिसला. परिणामी पुढे अनेक वर्षे स्त्रियांना या औषधाचा उपयोग नाही असा समज पसरून राहिला, आणि तो चुकीचा होता. पुढे १९८८ मध्ये हृदयविकाराच्या १७,१८७ रुग्णांवर ॲस्पिरिन व अन्य एका औषधाची चाचणी झाली तेव्हा एका नियतकालिकाच्या संपादकांनी असेच उपगटांचे तक्ते मागितले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तक्ते दिले, पण त्यांत रुग्णांची रासही घातली. आणि निष्पन्न झाले असे की मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक ठरते, इतर दहा राशींना मात्र अत्यंत लाभदायक! पंचांगाचा एवढा मार्मिक उपयोग ऑक्सफर्डच्या विद्वानांनी करावा याचे मला फार कौतुक वाटते. पुरेसे तुकडे पाडले तर आकड्यांकडून काहीही वदवून घेता येते, हे त्यांनी एकही तात्त्विक वाक्य न लिहिता दाखविले.

ॲस्पिरिननंतरच्या औषधांचा इतिहास मी धावत्या पावलांनी सांगतो. ॲस्पिरिनहून कितीतरी प्रबळ, बिंबाणूंना एकमेकींना धरूच न देणारे ॲब्सिक्सिमॅब नावाचे इंजेक्शन ताज्या पक्षाघातात द्यावे अशी कल्पना निघाली. हृदयविकारात ते उपयोगी ठरले होते, लहान चाचणीत आशा दिसली होती, आणि तर्क निर्दोष होता. ८०८ रुग्णांनंतर ती मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण मेंदूत घातक वा लक्षणे देणारा रक्तस्राव बिनऔषधी गटात ०.५ टक्का आणि औषधाच्या गटात ५.५ टक्के आढळला. मेंदूचा जो भाग रक्ताविना निपचित पडला आहे त्यातील वाहिन्याही दुबळ्या झालेल्या असतात. तेथे गुठळी होऊ न देणे आणि रक्त वाहू देणे यांतील सीमारेषा फार बारीक आहे. हे औषध जर चाचणीविना, केवळ तर्काच्या जोरावर, सर्वत्र वापरात आले असते तर किती माणसे गेली असती आणि त्या मृत्यूंचे खापर रोगाच्याच माथी कसे फुटले असते, हे सांगावयास नको.

मग मध्यम मार्ग निघाला: ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, तेही सौम्य आघात झालेल्या रुग्णांत, लवकर आणि थोड्या मुदतीसाठी. चीनमधील ५,१७० रुग्णांच्या चाचणीत, जिचा निकाल २०१३ मध्ये आला, ९० दिवसांत पुन्हा आघात होण्याचे प्रमाण ११.७ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर आले. मुख्यतः अमेरिकेत झालेल्या ४,८८१ रुग्णांच्या चाचणीत २०१८ मध्ये लाभ तसाच दिसला, परंतु मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण ०.४ वरून ०.९ टक्क्यावर गेले. क्लोपिडोग्रेलला यकृतात एका विकराकडून कार्यक्षम करून घ्यावे लागते आणि आशियातील पुष्कळ लोकांत तो विकर जन्मतः मंद असतो. म्हणून अशाच लोकांना निवडून, क्लोपिडोग्रेलऐवजी टिकॅग्रेलॉर देऊन पाहणारी ६,४१२ रुग्णांची चिनी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत पुनराघाताचे प्रमाण ७.६ वरून ६ टक्क्यांवर आले. टिरोफिबॅन हे शिरेतून द्यावयाचे औषध, मोठी वाहिनी बंद नसलेल्या १,१७७ रुग्णांत ॲस्पिरिनशी ताडून पाहिले गेले. ९० दिवसांनी जवळजवळ पूर्ववत झालेले रुग्ण २२ टक्क्यांऐवजी २९ टक्के भरले. हीही चाचणी चीनमध्येच झाली, २०२३ मध्ये. आणि फ्रान्समधून आलेले ग्लेन्झोसिमॅब, जे बिंबाणूंची कोलॅजनला चिकटण्याची एक विशिष्ट खूण तेवढी झाकते आणि म्हणून रक्तस्राव न वाढविता गुठळी रोखील अशी ज्याच्याविषयी फार आशा होती, ते प्राथमिक चाचणीत उजळ दिसले. २०२४ मध्ये मोठ्या चाचणीत ती आशा फळास आली नाही.

श्रोत्यांच्या लक्षात आले असेल की ‘चीनमध्ये’ हे शब्द मी वारंवार उच्चारले. लकव्याचे रुग्ण आपल्याकडे काही कमी नाहीत. रुग्णालये एकत्र बांधण्याची, नोंद ठेवण्याची शिस्त चीनने आपल्या आधी बसविली, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे सारेच अंधारात आहे असे मात्र नाही. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ मध्ये, घरी राहून औषध घेणारा क्षयरुग्ण सॅनटोरियममधील रुग्णाइतकाच बरा होतो हे चिठ्ठी टाकून सिद्ध केले आणि जगभरच्या क्षयोपचाराची दिशा त्यामुळे पालटली. पक्षाघाताच्या क्षेत्रात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने रुग्णालयांचे एक जाळे उभे राहिले. त्याने ३१ केंद्रांतून ४,२९८ रुग्ण घेऊन, बारा भाषांत संदेश, चित्रफिती व पुस्तिका देऊन पुनराघात टळतो काय हे तपासले. टळत नाही, असे उत्तर आले आणि ते २०२३ मध्ये जसेच्या तसे छापले गेले. त्याच्याही आधी, अस्थिमज्जेतील मूलपेशी शिरेतून दिल्याने लकवा सुधारतो अशा जाहिराती देशभर झळकत असताना, दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. कामेश्वर प्रसाद यांनी पाच केंद्रांतील १२० रुग्णांवर चाचणी करून २०१४ मध्ये सांगितले की त्या निर्धोक आहेत, परंतु लाभ दिसत नाही. ‘नाही’ हे उत्तर छापावयास जे धैर्य लागते त्याचा सत्कार आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन कोणी करीत नाही, ही खंत मी या प्रसंगी व्यक्त करून ठेवतो.

आता संमतीचा प्रश्न, जो मला सर्वांत अवघड वाटतो. चाचणीत सामील होणाऱ्याने समजून-उमजून, दडपणाविना होकार द्यावा, हे तत्त्व १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेपासून सर्वमान्य आहे. परंतु लकव्याच्या रुग्णाची वाचा गेलेली असते आणि सहीचा हात हलत नसतो. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात असा अंदाज आहे. आणि अशा वेळी त्याच्या पत्नीच्या हाती पंधरा पानांचा दस्तऐवज देऊन ‘वाचा आणि ठरवा’ असे सांगावयाचे. ती म्हणते, ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं.’ निर्णय घेणारा मुलगा पुण्याला कंपनीत. त्याला फोन लागतो तोवर अर्धा तास जातो. कायद्याने यावर तजवीज केली आहे: रुग्ण असमर्थ असेल तर कायदेशीर प्रतिनिधीने संमती द्यावी, वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘स्वास्थ्य अधिकार मंच’च्या याचिकेवर संमतीच्या दृकश्राव्य चित्रणाचा आदेश दिला, आणि २०१९ च्या नियमांनी अपाय झाल्यास विनामूल्य उपचार व मोबदला यांची जबाबदारी प्रायोजकावर टाकली. हे सारे आवश्यक होते, कारण त्याआधी आपल्या देशात गरिबांवर चाचण्या कशा झाल्या याच्या कथा न्यायालयातच बाहेर आल्या. तरीही ‘तुम्ही म्हणाल तसं’ या होकाराला मी संमती मानीत नाही. ती शरणागती आहे, आणि चित्रणाने शरणागतीची संमती होत नाही. मला त्यातल्या त्यात जो मार्ग दिसतो तो असा: पक्षाघात होण्यापूर्वी, निरोगी असताना, अशाच सभांतून लोकांनी हे ऐकलेले असावे, की चिठ्ठी टाकणे म्हणजे रुग्णाची हेळसांड नव्हे, दोन उपचारांपैकी कोणता बरा हे जेव्हा जगात कोणालाच ठाऊक नसते तेव्हाच ती टाकण्याची मुभा असते, आणि ‘नाही’ म्हटल्याने उपचारात उणेपणा येत नाही. नैतिकता समितीवर वैद्यकाबाहेरचा एक सामान्य नागरिक असावाच लागतो; ही जागा बहुधा शोभेची राहते. शिक्षक, निवृत्त तलाठी, बचतगटाची अध्यक्षा, यांपैकी कोणी तेथे बसून ‘हे पान मला कळले नाही, पुन्हा लिहा’ एवढे जरी म्हणाले तरी त्या समितीचे सार्थक होईल.

राहता राहिला प्रश्न या गावाचा. गुठळी की रक्तस्राव हे मेंदूच्या सीटी स्कॅनविना निश्चित कळत नाही. लक्षणांवरून, खाटेशेजारी उभे राहून, गुणांक मांडून ते ओळखण्याच्या दोन रीती लंडन आणि बँकॉक येथे निघाल्या होत्या. ग्रामीण भारताला त्यांचा मोठाच आधार वाटला असता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. एस. पी. कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आपल्या रुग्णांवर ताडून पाहिल्या आणि २००३ मध्ये निर्वाळा दिला की यांवर विसंबता येणार नाही. वर्ध्याच्या परिसरातून निघालेले हे काम लहान होते, पण आयता नियम उचलण्यापूर्वी आपल्या माणसांवर त्याची खातरजमा करावी, ही वृत्ती त्यात आहे. मग स्कॅन दूर असलेल्या ठिकाणी काय करावे? येथे त्या चाळीस हजारांचा हिशेब पुन्हा उपयोगी पडतो. त्यांतील सुमारे नऊ हजार रुग्ण स्कॅनपूर्वीच चाचणीत घेतले गेले होते आणि सुमारे आठशे तर प्रत्यक्षात रक्तस्रावाचे निघाले. त्यांच्यातही ॲस्पिरिनने एकंदरीत अपाय झाल्याचा पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ घरात कोणाला लकवा मारताच ॲस्पिरिन चारावे असा कोणी कृपा करून घेऊ नये. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात गोळी घातली तर ती श्वासनलिकेत जाते, आणि दोन औषधांच्या जोडीला किंवा नव्या प्रबळ औषधांना हा दिलासा मुळीच लागू नाही. त्यांच्यासाठी स्कॅन आधी हवाच, आणि म्हणून १०८ क्रमांकाची गाडी आधी हवी, व तीत बसण्यापूर्वी माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कोणीतरी सांगावयास हवी. गडचिरोलीतील ते ८७ टक्के घरीच राहिले, ही गोष्ट कोणत्याही नव्या औषधाच्या टक्केवारीत मावत नाही.

आणखी एक बाब, जी परदेशी वा चिनी निबंधांत सापडणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा या तालुक्यातून जातो. येथील भूजल खारे, आणि या व शेजारच्या संग्रामपूर तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांचे रुग्ण किती आहेत हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. बिंबाणूरोधक औषधांच्या अनेक चाचण्यांत मूत्रपिंड फार बिघडलेल्या रुग्णांना प्रवेश नसतो. त्यांच्यात रक्तस्रावाचा धोका आधीच अधिक असतो, आणि संशोधकाला स्वच्छ उत्तर हवे असते. त्याच्या बाजूने ते बरोबर आहे. परंतु मग जे उत्तर येते ते आपल्यातील नेमक्या कोणाला लागू पडते? वर सांगितलेल्या हजारी नऊच्या हिशेबात खारपाणपट्ट्यातला, सूज आलेल्या पायांचा, क्रिएटिनीन चढलेला रुग्ण धरला तर आकडा वाढतो की घटतो, हे आज कोणत्याही चाचणीच्या दप्तरावरून सांगता येत नाही. उद्या एखादे नवे औषध घेऊन अकोल्याच्या किंवा नागपूरच्या केंद्रात चाचणी सुरू झाली, तर या भागातील लोकप्रतिनिधींनी आणि डॉक्टरांनी प्रथम हा प्रश्न विचारावा, की आमचे रुग्ण यात घेणार की वगळणार, आणि वगळणार असाल तर त्यांची वेगळी नोंद तरी ठेवणार काय. अशी नोंद चाचणीची वाट न पाहता आजही ठेवता येईल. ग्रामीण रुग्णालयात लकव्याच्या रुग्णांची एक साधी नोंदवही असावी: गाव, वय, आघाताची वेळ, दवाखान्यात पोचल्याची वेळ, स्कॅन झाला की नाही, कोणते औषध दिले, २८ दिवसांनी माणूस कसा आहे, आणि यांच्या जोडीला, मुंबईच्या किंवा एडिंबरोच्या वहीत नसलेला एक रकाना, रुग्ण आजवर कोणत्या विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी पीत आला, याचा.